क्लॅन-बिल्डिंग कादंबरीतला जमाखर्च वगळून वाचलं तर चालेल का?

क्लॅन-बिल्डिंग म्हणजे साधनेने शक्ती आणि आयुष्य वाढवणारं एखादं घराणं पिढ्यान्पिढ्या कसं मोठं होतं ते सांगणाऱ्या चिनी वेब-कादंबऱ्या. शंभर भाग झाले तरी घराणं शेती आणि स्पिरिट स्टोनच्या (तिथल्या चलनाच्या) हिशेबातच अडकलंय, हा फिलर, म्हणजे नुसती भरताड, गाळून पुढे जाऊ का, असं तुम्ही विचारलंय. गाळू नका. या हिशेबाला फिलर म्हणणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे, म्हणून आधी तेवढं बोलतो.

समजा, घराण्यात क्वी रिफायनिंगचे, म्हणजे साधनेच्या पहिल्या टप्प्यावरचे, वीस जण आहेत आणि वर्षाची कमाई 600 स्टोन. माणशी महिना 2 स्टोन भत्ता धरला तर 480 तिथेच गेले. डोंगराभोवतीच्या रक्षक फॉर्मेशनवर (मंत्रकवचावर) 40. उरले 80. फाउंडेशन हा पुढचा टप्पा; तिथे चढायला लागणारी गोळी लिलावात 2000 ला जाते, म्हणजे पंचवीस वर्षं साठवायचं. बहुतेक कादंबऱ्यांत साठीनंतर रक्त-क्वी (अंगातला जोम) ओसरते आणि फाउंडेशनची आशा जवळपास संपते. आज चाळिशीत असलेला काका गोळी हातात येईपर्यंत पासष्टचा होणार! सगळ्यांचा भत्ता निम्मा केला तर वर्षाला 320 उरतात आणि सव्वासहा वर्षांत गोळी येते, पण तेवढी वर्षं पोरांची वाढ खुंटते. शिवाय गोळी कोणाला द्यायची? मुळं म्हणजे साधनेची जन्मजात कुवत, आणि ती संख्येने जितकी कमी तितकी चांगली. थोरल्या पातीतल्या चार मुळांच्या नातवाला, की धाकट्या पातीतल्या दोन मुळांच्या पोरीला? तो फसला तर 2000 स्टोन मातीत, आणि शेजारचं घराणं त्याच बातमीची वाट बघत असतं. पुढची भाऊबंदकी, सोयरीक, मारामारी सगळी या आकड्यांतून निघते. आकडे गाळलेत तर लढाई कशासाठी चाललीय तेच कळणार नाही.

दुसरं बलस्थान नात्यांचं, आणि ते इंग्रजी अनुवादात मरतं. चिनीत 'थांग' म्हणजे त्याच आडनावाचं चुलत भावंड आणि 'ब्याओ' म्हणजे आते, मामे, मावस. थांग घराण्याचा हक्कदार, ब्याओ बाहेरचा. इंग्रजीत दोघंही 'कझिन'! आपल्याकडे शब्द तयार आहेत, तेव्हा वाचताना मनात ते घाला. कोण कोणाच्या वाटणीवर डोळा ठेवून आहे ते लगेच दिसतं. एका पिढीच्या नावांत एक अक्षर समान ठेवायची चिनी प्रथाही लक्षात असू द्या. त्यामुळे नावांचा गोंधळ होतो खरा, पण त्याच अक्षरावरून पिढी ओळखता येते. कागदावर वंशावळ मांडा आणि प्रत्येकापुढे मुळं, टप्पा, वय लिहा.

खोट कुठे आहे? फाउंडेशनच्या वरच्या गोल्डन कोअर टप्प्यानंतर. साधारण पाचशे वर्षांचं आयुष्य मिळालेला मूळपुरुष आणि सव्वाशे वर्षांत जाणारी नातवंडं, हे गणित लेखकांना पेलत नाही. पणतू मेल्याची बातमी एका ओळीत उरकतात, घराणं नुसता पडदा होऊन मागे लटकतं. किंमती इतक्या फुगतात की सुरुवातीच्या 2000 स्टोनना काही अर्थच राहत नाही. शिवाय हजार अक्षरांमागे पैसे मिळण्याची पद्धत चिनी साइटवर 2003 पासून रुजलेली आहे, त्यामुळे एकच लिलाव दहा भाग चालतो. तो खरा फिलर, तो खुशाल गाळा.

'जितकी मुलं तितकी शक्ती' अशी सिस्टम (नायकाला बक्षिसं देणारी गेमसारखी यंत्रणा) असलेल्या कादंबऱ्या मात्र मी क्लॅन-बिल्डिंग मानतच नाही. बायका तिथे फक्त बाळंत होण्यापुरत्या असतात, आणि पोरांना नावापलीकडे काही नसतं.

वरचे आकडे समजावण्यापुरते माझे आहेत, प्रत्येक कादंबरीचा भाव वेगळा. आणि तुमची कादंबरी उत्पन्न सांगते पण खर्च कधीच सांगत नसेल, तर तुमचा कंटाळा रास्त आहे. घराण्यातल्या पहिल्या फाउंडेशनच्या प्रयत्नापर्यंत वाचा. त्यासाठी कोणाला काही गमवावं लागलं नाही, तर तिथेच सोडा.