कूलर नीट लावलाय असं वाटतंय, तरी प्रोसेसर ९५ च्या वर का तापतो?

तुम्ही लिहिलंय की आय ५ १२४०० घेऊन घरीच पहिला पीसी जोडला, बॉक्समधलाच कूलर लावला, तीन पिना टक् करून बसल्या, चौथीचं काही कळलं नाही, आणि आता गेम सुरू केला की दोन मिनिटांत ९५ च्या वर जातंय. दुकानदार म्हणतोय पेस्ट बदला, म्हणजे प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावतात ती. पेस्ट आणायच्या आधी ती चौथी पिन बघा, मला घोळ तिथेच वाटतोय.

माझं पण अगदी हेच झालेलं. आमचं घर सिडकोत, वरचा मजला, त्यात मे महिना आणि दुपारी बाहेर ४० डिग्री, त्यामुळे आठवडाभर मला वाटत होतं की उन्हामुळेच तापतंय. पण खोली १० डिग्रीने तापली तर प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो, एकदम शंभरला जाऊन टेकत नाही. शेवटी पीसी बंद करून साइड पॅनल काढलं आणि कूलर बोटाने हलवून बघितला तर एक कोपरा चक्क डुगडुगत होता. तीन कोपरे घट्ट आणि एक उचललेला म्हणजे कूलर तिरका बसतो, त्या बाजूला मधे हवा राहते आणि उष्णता वर जातच नाही. मग १०० ला पोचला की प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करतो, गेम अडकायला लागतो ते त्यामुळे.

आता खात्री कशी करायची, तर कॅबिनेटचं मागचं, म्हणजे दुसऱ्या बाजूचं पॅनल काढा. बऱ्याच कॅबिनेटमधे प्रोसेसरच्या मागे चौकोनी खिडकी कापलेली असते, तिथून मदरबोर्डाच्या मागे आलेल्या कूलरच्या चारही पिना दिसतात. प्रत्येक पिनेचे पांढरे पाय भोकातून पूर्ण बाहेर येऊन फाकलेले दिसले पाहिजेत आणि त्यांच्या मधोमध काळा खिळा दिसला पाहिजे. जिथे पांढरे पाय अर्धवट किंवा मुडपलेले दिसतील ती पिन बसलेली नाही.

तसं दिसलं तर कॅबिनेटमधेच जोर लावून दाबू नका, बोर्ड वाकतो. बोर्ड बाहेर काढा आणि त्याच्याच खोक्यावर ठेवा, फक्त पिना खाली यायला जागा राहील असं बघा. पिनेच्या डोक्यावर बाण असतो, त्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढली की पिन सुटते. परत लावताना आधी चारही पिना बाणाच्या उलट फिरवून ठेवा, हे राहिलं की पिन लॉकच होत नाही आणि बहुतेक जण इथेच चुकतात. मग चारही पाय भोकांवर सरळ बसवा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन पिना एकदम दाबा, नंतर उरलेल्या दोन. एका बाजूच्या दोन आधी दाबल्या तर दुसरी बाजू उचलली जाते, माझी तशीच उचलली गेली होती.

एकदा कूलर उचलला की जुनी पेस्ट मात्र परत चालत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्हीकडून पुसून घ्या, मधोमध छोट्या वाटाण्याएवढी नवी पेस्ट टाका आणि पसरवत बसू नका, कूलरच्या दाबाने ती आपोआप पसरते. कूलरच्या पंख्याची वायर बोर्डावर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच लावा. आणि पुढेमागे मोठा कूलर घ्यायचं ठरलं तर एलजीए १७०० चं, म्हणजे तुमचा प्रोसेसर बसतो त्या सॉकेटचं, कूलर बसवायचं किट सोबत आहे का ते विचारून घ्या, कारण जुन्या १२०० सॉकेटची भोकं ७५ मिमीवर होती आणि तुमच्या बोर्डाची ७८ वर आहेत, जुना कूलर तसाच बसत नाही.

हे सगळं करूनही पारा तिथेच राहिला तर बोर्डाच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, चारही पिना दिसतील असा.