सेंद्रिय गोठा सुरू करण्याआधी
निपाणी-चिकोडी पट्ट्यात गोठा उभारत असाल, तर सर्वप्रथम वैरणीचा हिशेब मांडा, कारण सेंद्रिय आणि रूढ दुग्धव्यवसायातला फरक गव्हाणीतल्या चाऱ्यापासूनच सुरू होतो. गळीत हंगामात आपल्याकडे उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, मुबलक मिळतात. मात्र युरिया घातलेल्या फडातील वाढे सेंद्रिय ठरत नाहीत आणि राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार हंगामी पिकांच्या जमिनीला रूपांतरासाठी, म्हणजे रूढ शेतीतून सेंद्रियकडे वळण्यासाठी, साधारण २ वर्षे द्यावी लागतात. शिवाय कोणत्याही पद्धतीत नुसत्या वाढ्यांवर गाय ठेवू नका. त्यांतील ऑक्झॅलेट हा घटक कॅल्शियम बांधून ठेवतो आणि ते जनावराला नीट मिळत नाही, म्हणून खनिज मिश्रण आणि द्विदल चारा हवाच.

सड गरम लागला किंवा धारेत गाठी दिसल्या, तर पशुवैद्यांना ताबडतोब बोलवा. सेंद्रियच्या नावाखाली कासदाह (कासेची सूज) अंगावर काढू देणे हा मुक्या जनावरावर अन्याय आहे. प्रतिजैविक दिल्यास सांगितलेल्या मुदतीपर्यंत, आणि सेंद्रिय गोठ्यात त्याहूनही अधिक काळ, ते दूध विक्रीला घालू नये.

डेअरीत दर सहसा फॅट आणि एसएनएफवर (दुधातील फॅटखेरीज इतर घन घटकांवर) ठरतो, दूध सेंद्रिय आहे की नाही यावर नाही, त्यामुळे बेळगाव शहरात घरपोच दूध घेणारे ग्राहक आधी जोडा आणि मगच प्रमाणपत्राचा खर्च करा.