खाऱ्या पाण्याची टाकी, गोड्या पाण्याचे प्रश्न

प्रश्न : गोड्या पाण्यातले मासे आमच्याकडे आठ वर्षांपासून आहेत. आता तीन फुटी टाकीत प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवण्याचा विचार आहे. फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. सुरुवात कोठून करावी आणि मासे किती दिवसांनी सोडता येतील?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : सुरुवात कायद्यापासून करावी, कारण दुकानात त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. चुनखडीचा टणक सांगाडा बांधणारी सर्व प्रवाळे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे; समुद्रघोडेही संरक्षित आहेत. त्यामुळे कोकणातून कोणी हौसेने आणून दिलेला प्रवाळाचा दगड असो किंवा शोकेससाठी विकला जाणारा पांढरा, वाळलेला तुकडा असो, तो घरात आणू नये. ‘हे इम्पोर्टेड आहे’ एवढे सांगणे पुरेसे नाही. शास्त्रीय नाव विचारून घ्यावे आणि पावतीवर लिहून मागावे. घरासाठी उरतात ती मऊ प्रवाळे, म्हणजे मशरूम, लेदर आणि झोअँथिड. नवशिक्याला ती पुरेशी आहेत, असे माझे मत आहे. झोअँथिड हाताळताना मात्र हातमोजे घालावेत, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळून किंवा गरम पाण्याने साफ करू नये, कारण त्यांतील काही जातींत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते आणि ते वाफेतूनही बाधते. मासे घ्यायचे तर हॅचरीत वाढलेली क्लाउनफिशची जोडी घ्यावी.

आता वजनाचे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे १९० लिटर पाणी मावते. काच, दगड, स्टँड आणि खालची संपची टाकी (वरचे पाणी गाळण्यासाठी जिच्यात उतरते आणि पंपाने परत वर जाते) धरली तर सगळे मिळून ३०० किलोंच्या आसपास जाते. एवढे वजन भिंतीलगत, शक्यतो बीमवर असावे. गॅलरीत किंवा स्लॅबच्या मध्यावर नसावे. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा विचारलेले बरे.

मासे सोडण्यासाठी चार ते सहा आठवडे थांबावे लागते. गोड्या पाण्याच्या अनुभवामुळे अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट ही साखळी, म्हणजे माशांच्या विष्ठेतून येणारा विषारी अमोनिया जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग सौम्य नायट्रेटमध्ये बदलतात, ती आपल्याला ठाऊक असेलच; येथेही तीच आहे, फक्त जिवाणूंची वस्ती मुख्यतः सच्छिद्र दगडात होते. त्यांना सुरुवातीचे खाद्य म्हणून टाकीत एक सोललेली कोलंबी कुजवत ठेवण्याची जुनी पद्धत आहे. घरात वासाची तक्रार करणारी ज्येष्ठ मंडळी असतील तर अमोनियम क्लोराइडचे मोजके थेंब वापरावेत. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तेथेच टिकले, म्हणजे पहिला मासा सोडावा.

प्रश्न : आम्ही दर दोन महिन्यांनी हर्णैला जातो. तेथून कॅनमधून समुद्राचे पाणी आणले तर महागड्या मिठाचा खर्च वाचेल का? निदान खडेमीठ तरी चालेल का?
— एक वाचिका, सहकारनगर

उत्तर : दोन्हींना माझे उत्तर नाही असेच आहे. आपल्या किनाऱ्यालगतचे पाणी गढूळ असते, बंदराजवळ त्यात बोटींच्या डिझेलचा तवंग असतो, आणि पावसाळ्यात खाड्यांचे गोडे पाणी मिसळल्याने त्याचा खारेपणा बराच उतरतो. शिवाय पाण्यातले सूक्ष्म जीव बंद कॅनमध्ये, गाडीच्या डिकीतल्या उकाड्यात घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत मरू लागतात आणि पाणी नासते. खडेमिठाचे कारण वेगळे आहे. मिठागरात पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार आधीच तळाशी बसतात, तर मॅग्नेशियमचे क्षार शेवटच्या कडवट पाण्यात मागे राहतात, आणि मधल्या टप्प्यावर जे गोळा होते ते बहुतांश सोडियम क्लोराइड असते. प्रवाळाला लिटरमागे साधारण ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १,३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम लागते. म्हणून रीफसाठीचे, म्हणजे प्रवाळाच्या टाकीसाठीचे, तयार मीठच घ्यावे. तीन फुटी टाकीला ते पहिल्या वेळी सुमारे सात किलो लागेल.

प्रश्न : टाकी तीन फुटी आहे. पाणी रोज दोन लिटरने कमी होते, तेवढे मी स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचे पाणी मीठ घालून भरते. पंधरा दिवसांपासून लेदर प्रवाळ मिटलेले आहे, दोन्ही कोळंब्या मेल्या, गोगलगायी हलत नाहीत. क्लाउनफिश मात्र नेहमीसारखे खातात. प्युरिफायर तांब्याचे गुणधर्म देणारा, नवीन आहे.
— एक वाचिका, बाणेर

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. नुसते प्रवाळ मिटले असते तर मी थांबायला सांगितले असते, कारण लेदर प्रवाळ मधूनमधून मेणासारखी कात टाकते आणि तेव्हा आठवडाभर मिटून राहते. परंतु कोळंबी आणि गोगलगायी जातात आणि मासे ठणठणीत राहतात, तेव्हा पहिला संशय तांब्यावर घ्यावा. तांब्याच्या हंड्यातले जे पाणी आपण आरोग्यासाठी पितो, तेच बिनकण्याच्या समुद्री जीवांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरते. माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या काही औषधांतही तांबे असते, हेही लक्षात असू द्यावे. तांब्याचे टेस्ट किट आणून आजच तपासावे, प्युरिफायरचे पाणी ताबडतोब बंद करावे, फिल्टरमध्ये ताजा कार्बन भरावा आणि स्वच्छ पाण्याने थोडे थोडे पाणी बदलत राहावे. दगडाने शोषलेले तांबे पुढे हळूहळू सुटत राहते, म्हणून नव्या कोळंब्या आणण्याची घाई करू नये.

दुसरी चूक मिठाची आहे, आणि ती फार जणांकडून होते. हवेत उडून जाते ते फक्त पाणी. मीठ टाकीतच राहते. रोज दोन लिटर खारे पाणी ओतल्याने पंधरा दिवसांत सुमारे एक किलो जास्तीचे मीठ आत गेले असणार, म्हणजे लिटरमागे ३५ ग्रॅमचा खारेपणा आता ४० च्या घरात असेल. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजण्याचे साधन) घ्यावा आणि तो ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून मगच मोजावे. आकडा खरोखर एवढा आला तर रोज पाच-सहा लिटर खारे पाणी काढून तेवढेच बिनमिठाचे शुद्ध पाणी घालावे; चार-पाच दिवसांत खारेपणा जागेवर येईल. एका दिवसात उतरवू नये.

हे शुद्ध पाणी आरओच्या गाळणीनंतर डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांतून) गेलेले आणि टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर) शून्य दाखवणारे असावे. पिण्याच्या आरओत चवीसाठी क्षार मागे ठेवलेले असतात. बाणेर-बावधनकडे टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी मिसळत असेल तर रेझिन लवकर संपते, त्यामुळे मीटरवर रोज नजर ठेवावी.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये टाकीचे पाणी ३१ अंशांवर जाते. चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घेणे भागच आहे का? आणि गुरुवारी वीज जाते तेव्हा काय करावे?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : चिलर आधी घेऊ नये. टाकीचे झाकण काढून पृष्ठभागावर तिरकी हवा लागेल असे दोन लहान पंखे बसवावेत. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता घेऊन जाते, तेवढ्याने १९० लिटर पाण्याचे तापमान हिशेबाने तीन अंश उतरते. खोलीतून उष्णता परत येत राहते, म्हणून प्रत्यक्षात उतार त्याहून कमी मिळतो. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय लंगडा पडतो, पण पुण्यातल्या उन्हाळी दुपारची कोरडी हवा येथे आपल्या बाजूची आहे. पाणी २७ अंशांखाली राहिले तर चिलरचे पैसे वाचले. मात्र पंख्यांमुळे पाणी जास्त आटेल, तेव्हा आटलेल्या पाण्याच्या जागी बिनमिठाचेच शुद्ध पाणी भरण्याचा वरच्या उत्तरातला नियम आपल्यालाही लागू आहे.

गुरुवारच्या देखभालीत वीज आणि नळ एकाच दिवशी बंद असण्याची शक्यता धरून, दोन दिवस पुरेल एवढे शुद्ध पाणी बुधवारीच भरून ठेवावे. इन्व्हर्टरवर सगळे जोडू नये; पाणी हलते ठेवणारा एक वेव्हमेकर तेवढा चालू राहिला तरी पुरते, कारण मासे मरतात ते दिव्यावाचून नव्हे, तर प्राणवायूवाचून, आणि गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो.

वीज गेल्यावर आणखी एक गोष्ट घडते. पंप थांबला की वरच्या टाकीतले पाणी परतीच्या नळीतून उलटे खाली येते आणि संप काठोकाठ भरलेला असेल तर ते जमिनीवर वाहते. माझ्याकडे पहिल्याच महिन्यात असे होऊन खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या दिवाणखान्याच्या छताला ओल आली, आणि रंग देऊन घेतल्यावरही दोन पावसाळे तेथे मिठाचे फूल येत राहिले. तेव्हा संपमध्ये उलट येणारे पाणी मावेल एवढी जागा रिकामी ठेवावी, परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक बारीक भोक पाडावे म्हणजे हवा शिरून सायफन, म्हणजे पाण्याचा हा उलटा ओघ, तुटतो, आणि पंप बंद करून पाहण्याची ही चाचणी टाकीत मीठ घालण्याच्या आधी, नळाचेच पाणी भरून घ्यावी.