आण्णा पडवीत जे बोलतात ते

प्रिय पोरी,

तुझ्या कोल्हापुरी चपलांच्या ऑनलाइन दुकानाची लिंक उघडली. मुद्दाम रात्री जेवण झाल्यावर, अंथरुणात पडून, मोबाइलवर बघितली. बहुतेक गिऱ्हाईक तसंच बघतं. तू लिहितेस, दिवसाला दीडशे माणसं येतात, फोटो चाळतात नि निघून जातात, तर जाहिरातीला आणखी पैसे घालू का? एक रुपया घालू नको. आलेलं माणूस उंबऱ्यातनं परत जात असेल तर आणखी माणसं बोलावून काय करणार?

गेल्या महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या कापशीला तुमच्याकडं आलो होतो तेव्हाचं सांगतो. तू आत पार्सलं बांधत होतीस. पडवीत साताऱ्याकडचा एक माणूस आला. त्यानं जोड उचलला, उलटा करून तळ बघितला, वाकवून बघितला, नाकाशी नेला. मग पायात घालून चार पावलं टाकली आणि म्हणाला, ही घट्ट होतीय, आठ नंबर द्या. आण्णा म्हणाले, "आठ नेऊ नका. आज घट्ट वाटतीय, पण आठवड्यात पट्टा सैल पडतोय. पहिलं तीन-चार दिवस चावंल. आणि पावसात घालायची नाही, भिजली की तिचं काय खरं नाही." जेवढं बोलले तेवढं सगळं स्वतःच्याच मालाविरुद्ध. आणि त्या माणसानं त्याच मापाचे दोन जोड नेले.

आता तुझं पान बघ. "प्रीमियम हँडमेड लेदर. अल्टिमेट कम्फर्ट. पहिल्या दिवसापासून मऊ." पहिल्या दिवसापासून मऊ? हे आण्णांनी वाचलं तर तुला रात्री भाकरी मिळायची नाही. बाभळीच्या सालीत नि हिरड्यात पकवलेलं कातडं पहिल्या दिवशी मऊ नसतं. ज्यानं आयुष्यात एकदा तरी कोल्हापुरी घातलीय त्याला हे माहीत असतं. त्यानं तेवढी एक ओळ वाचली की खालचं सगळं त्याला खोटं वाटायला लागतं, खरं असलेलंसुद्धा.

तर पहिलं काम हे कर. एक आठवडा वही घेऊन पडवीत बस. गिऱ्हाईक काय विचारतं नि आण्णा काय उत्तर देतात ते जसंच्या तसं लिहून काढ. तेच तुझ्या पानावर घालायचं. "बोलणाऱ्याची मातीही खपते" म्हणतात ते मला पटत नाही, पण न बोलणारं दुकान चालत नाही हे मात्र खरं. गिऱ्हाइकाला तुझ्याकडं हात लावता येत नाही, वास घेता येत नाही, वाकवून बघता येत नाही. त्याच्या हातांचं काम तुझ्या शब्दांनी नि फोटोंनी करायचंय.

फोटोंवरून आठवलं. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे ते पाच गुळगुळीत फोटो कुणाच्या चपलांचे आहेत? तुमच्या चपलेवरच्या कातड्याच्या वेणीचा पीळ मी ओळखतो, हा तुमचा नाही. काढून टाक ते. सकाळी आठ-नऊच्या सुमारास पडवीच्या दाराशी उजेड तिरपा येतो, तिथं घोंगडीवर जोड ठेव नि मोबाइलनंच फोटो काढ. एक वरून, एक तळाचा, एक कानाचा (तळाच्या बाजूनं निघालेल्या कातडी पट्टीचा) अगदी जवळून, म्हणजे वादीची, कातड्याच्या दोरीची, शिवण टाका-टाका दिसली पाहिजे. आपल्या चपलेत खिळा नसतो हे सांगून कुणाला पटत नाही, उलटा तळ दाखवला की आपोआप कळतं. एक फोटो पायात घातलेला, खऱ्या पायात, पायाला भेगा असल्या तरी चालतील. आणि वीस सेकंदांचा व्हिडिओ: आण्णांच्या हातात चप्पल, ती वाकवतायत, मग कुणीतरी ती घालून फरशीवर चालतंय, करकर ऐकू येतीय. त्या आवाजासाठी माणसं पुण्या-मुंबईहून येतात आणि तू पानावर त्याचा उल्लेखसुद्धा केलेला नाहीस.

(फोटो टाकण्यापूर्वी लहान करून घे. तुझं पान एसटीत बसून उघडायचा प्रयत्न केला, कागल सोडलं तरी निम्मंच उघडलं होतं.)

माप. इथं मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण ऑनलाइन चपलेचा धंदा मापावरच बुडतो. तू सहा, सात, आठ, नऊ एवढंच दिलंयस. कुणाचं सात? बुटाचं सात वेगळं, आपल्या साच्याचं सात वेगळं. नंबर लिही, पण शेजारी सेंटिमीटर लिही: टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत तळ किती लांब, चवड्याशी किती रुंद. आणि गिऱ्हाइकाला सांग की कागदावर पाय ठेवून पेन्सिल उभी धरून आखा, तेही संध्याकाळी, कारण दिवसभर चालून पाय थोडा फुगतो. आखलेल्या कागदावर पट्टी ठेवा नि फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा, आम्ही माप सांगतो. पायाचा फोटो पाठवायला माणसं थोडी लाजतात, कागदाचा बिनधास्त पाठवतात. पाय रुंद असेल तर काय, दोन मापांच्या मधे असेल तर काय, हे आण्णांना विचारून तिथंच लिही. ज्यानं एवढा कागद आखला, मोजला नि पाठवला, तो निम्मा तुझा झालाच. शिवाय जोड परत येणं पुष्कळ कमी होतं.

परत करण्याचे तुझे नियम वाचताना मात्र मला ठसकाच लागला. कलम सहा: "अंतर्वस्त्रे परत घेतली जाणार नाहीत." पोरी, कुठल्या कपड्याच्या दुकानातनं उचललंस हे? गिऱ्हाईक हे पान वाचत नाही असं तुला वाटतं. जो पहिल्यांदा अनोळखी दुकानातनं हजार-दीड हजाराची वस्तू घेणार आहे, तो नेमकं हेच पान उघडतो. चार ओळींत लिही, बोलतो तसं: सात दिवसांत कळवा, घराबाहेर घातलेली नसेल तर माप बदलून देऊ, एकदा बदलण्याचा कुरियर खर्च आमचा, पैसे परत हवे असतील तर इतक्या दिवसांत, ज्या खात्यातनं आले त्याच खात्यात. आणि जे पाळता येईल तेवढंच लिही.

आता माझी एक फजिती ऐक. ऑनलाइन विकायला लागून तेव्हा मला वर्षही झालं नव्हतं. नागपूरहून एका बाईंचा फोन आला की दोन्ही चपला डाव्या पायाच्या आल्यात. मी काय म्हणालो असेन? "ताई, नीट बघा, असं होत नाही." वर ऐकवलं की आमचं तीस वर्षांचं दुकान आहे. पाच मिनिटांत त्यांनी फोटो पाठवला. दोन्ही डाव्या. मी खाली बसलो. मग डोक्यात प्रकाश पडला की नागपूरला दोन डाव्या गेल्या असतील तर दोन उजव्या कुठंतरी निघाल्यात. त्या दिवशी त्या मापाचं दुसरं एकच पार्सल होतं, ठाण्याचं, अजून वाटेत. ठाण्याच्या माणसाला मीच फोन केला: उद्या तुम्हाला पार्सल मिळेल, त्यात दोन्ही उजव्या असतील, चूक आमची आहे, योग्य जोड आजच निघतोय, ते पार्सल उघडूही नका. तो हसला. आजतागायत तो माणूस माझ्याकडनं घेतो, त्याच्या ऑफिसातले चौघंही घेतात. नागपूरच्या बाईंना मी नवा जोड दिला, पैसे परत केले, माफी मागितली, तरी त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. चूक एकच होती. एकीला ती स्वतः सापडली आणि वर मी तिलाच खोटं पाडलं. दुसऱ्याला ती माझ्या तोंडून कळली.

म्हणून डब्यात एक चिठ्ठी घालत जा, आणि तीच पानावरही ठेव. चप्पल पहिल्यांदा चावेल, चार दिवस घरातच घाला, पट्ट्याला आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवा. भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात नको. रंग फोटोपेक्षा थोडा उन्नीस-बीस असेल, वापरून गडद होत जाईल. हे आधी सांगितलं तर ती चपलेची जात ठरते. नंतर कळलं तर तक्रार होते.

आता काढून टाकायच्या गोष्टी. प्रत्येक चपलेखाली लाल अक्षरात "फक्त २ जोड शिल्लक" नि खाली उलटं धावणारं घड्याळ. मी दुसऱ्या दिवशी बघितलं, तेव्हाही दोनच शिल्लक, घड्याळ पुन्हा पहिल्यापासनं सुरू. साइट बनवणाऱ्या पोरानं तयार साच्यातनं दिलं असेल, पण नाव तुझं आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं अशा फसव्या युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात तेरा प्रकार सांगितलेत आणि खोटी घाई लावणं हा त्यातलाच एक. शेवटच्या पायरीवर अचानक जादा आकार दाखवणं हाही एक. तुझ्याकडं पैसे भरायच्या क्षणी एकशे वीस रुपये टपालखर्च उगवतो. मी तिथंच मागं फिरलो असतो, आणि मी तर तुझ्या घरचा. किमतीशेजारीच लिही: पोचवण्याच्या खर्चासह इतके.

आणि ती परीक्षणं. पाच जणांची, पाचही एकाच तारखेची, प्रत्येकाला पाच तारे. त्यातला "ऑसम प्रॉडक्ट" लिहिणारा तुझा आतेभाऊ आहे, तो वर्षभर स्पोर्ट्स शूज घालतो. विकणाऱ्यानं गिऱ्हाईक बनून परीक्षण लिहू नये हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत सरळ लिहिलंय. पण नियम राहू दे बाजूला, वाचणाऱ्याला ते दोन ओळींत कळतं. पाची काढून टाक. परीक्षणांची जागा रिकामी असली तर माणूस समजून घेतो, दुकान नवीन आहे म्हणून. पहिल्या खऱ्या गिऱ्हाइकाला पंधरा दिवसांनी फोन कर, विचार, जे बोलेल ते त्याच्या परवानगीनं घाल. "छान आहे पण पट्टा सुरुवातीला टोचला" असं आलं तर सोन्याहून पिवळं. त्याखाली तुझं उत्तरही घाल.

पत्ता कुठंय? संपर्काच्या पानावर नुसता एक फॉर्म आहे. आपल्याकडच्या जुन्या दुकानदारांच्या पाटीवर "आमची कोठेही शाखा नाही" असं असायचं. लोक हसतात त्याला, पण त्याचा अर्थ होता की हे दुकान इथंच आहे, उद्याही इथंच सापडेल. तुझं नाव, आण्णांचं नाव, घराचा पूर्ण पत्ता, फोन, फोन कधी उचलला जाईल ती वेळ, हे सगळं पानाच्या तळाशी दिसू दे. त्याच २०२० च्या नियमांत तक्रार घेणाऱ्याचं नाव, अठ्ठेचाळीस तासांत पोच नि महिन्याभरात निवारण असं म्हटलंय. तुमच्या घरात तक्रार अधिकारी तूच, मग लिहून टाक. पिनकोडही घाल. (पिनकोड १९७२ साली सुरू झाला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या आपल्या माणसामुळं, संस्कृतातही नाटकं-काव्यं लिहिणारा माणूस. उगाच आठवलं.)

पैशाचं एकच सांगतो. क्यूआर स्कॅन केला की तुझ्या मोठ्या भावाचं नाव येतं. दुकानाचं नाव एक, पैसे घेणारा दुसराच! हल्लीच्या दिवसांत तिथंच माणूस हात आखडतो. दुकानाच्या नावानं चालू खातं काढ. घरपोच रोख, म्हणजे माल हातात पडल्यावर पैसे, ही सोय ठेवच, पण पार्सल निघण्याआधी फोन करून खात्री करून घे, नाहीतर जायचा-यायचा दोन्ही खर्च तुझ्या बोडक्यावर बसतो.

जीआयची, म्हणजे भौगोलिक मानांकनाची, ती खूण पानावर लावलीयस. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार नि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, दोन्हीकडच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावानं. आपण कापशीचे आहोत म्हणून खूण आपोआप आपली होत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. आण्णांची नोंद झालीय का विचार. नसेल तर अर्ज करा, तोवर खूण उतरव. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं आपल्यासारख्या चपला दाखवल्या नि आपलं नाव घेतलं नाही, तेव्हा तूच किती चिडली होतीस. नंतर त्यांना कबूल करावं लागलं. दुसऱ्यानं आपलं नाव गाळलेलं आपल्याला खपत नाही, मग आपणही न मिळवलेली खूण लावायची नाही.

"आमच्याबद्दल" या पानावरचा परंपरेचा परिच्छेद काढलास तरी चालेल, तो सगळ्यांकडं सारखाच असतो. त्याजागी एक जोड बनायला तुमच्या घरात कोण काय करतं ते लिही. तळ कोण कापतं, वेणी कोण घालतं, गोंडा कोण बांधतं. तुझी आई वेणी घालते हे त्या अख्ख्या साइटवर कुठंच नाही.

रविवारी मी येतोय. तोवर आण्णांचा तो रोजचा जुना जोड, काळपट पडलेला, टाचेशी झिजलेला, न्हाणीघराच्या दाराशी असतो तो, टाकून देऊ नको. नव्या जोडाशेजारी ठेवून त्याचा फोटो काढायचाय.

तुझा,
काका