शुल्क शून्य, तरीही ब्रेक्झिटने ब्रिटनचा व्यापार का अडला?

तुम्ही विचारलंय की ब्रिटन आणि युरोपीय संघात शून्य शुल्काचा करार आहे, मग ब्रेक्झिटमुळे व्यापाराचं नुकसान झालं असं का म्हणतात, आणि त्यावरून पंतप्रधान एकामागून एक का गेले? दोन्हीचं उत्तर एकाच जागी सापडतं. युरोपीय संघाची एकल बाजारपेठ, म्हणजे जिच्यात माल देशांच्या सीमांवर न थांबता फिरतो ती व्यवस्था, सोडली की कुठेतरी सीमा उभी करावी लागते. तिचा आर्थिक खर्च लहान निर्यातदारांनी भरला. ती सीमा नेमकी कुठे उभी करायची, यावर सरकारं अडली आणि एका पंतप्रधानांचं पद गेलं.

आधी करार समजून घ्या. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडला, पण २०२० अखेरपर्यंत संक्रमणकाळ असल्याने व्यवहारात काही बदललं नाही. २४ डिसेंबर २०२० रोजी व्यापार करार ठरला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यात शुल्क नाही, कोटा नाही. मात्र सभासद असताना मँचेस्टरचा माल म्युनिकला जायचा तो पुण्याचा ट्रक बंगळुरूला जावा तसा. कराराने ते दिवस परत आणले नाहीत. शुल्क शून्य असणं वेगळं आणि तपासणी, कागदपत्रं नसणं वेगळं.

इंग्लंडमधला एखादा छोटा चीज उत्पादक फ्रान्सला माल पाठवतोय असं धरा. त्याला आधी जीबीने सुरू होणारा ईओआरआय क्रमांक, म्हणजे कस्टम्सकडचा व्यापाऱ्याचा ओळख क्रमांक, लागतो. मग प्रत्येक वस्तूचा अचूक कमोडिटी कोड (मालाच्या प्रकाराचा क्रमांक), ब्रिटिश कस्टम्सकडे निर्यात घोषणापत्र, इनव्हॉइसवर माल ब्रिटिश मूळचा असल्याचं ठराविक शब्दांतलं निवेदन. चीज प्राणिजन्य असल्यामुळे सरकारमान्य पशुवैद्याने सही केलेलं आरोग्य प्रमाणपत्रही हवं. त्यानंतर अशा मालाची नोंद ठेवणाऱ्या युरोपच्या ट्रेसेस या ऑनलाइन प्रणालीत आगाऊ नोंद आणि कॅले या फ्रेंच बंदरातल्या तपासणी केंद्रावर हजेरी. फ्रान्सच्या बाजूला आयात घोषणापत्र आणि व्हॅट असतोच, म्हणजे दोन्हीकडे कस्टम्स एजंट आला.

या खर्चाचा मालाच्या किमतीशी संबंध नाही. प्रमाणपत्राचे शंभर-दोनशे पौंड दोन खोक्यांनाही लागतात आणि भरलेल्या ट्रकलाही. मोठ्या कंपनीच्या हिशेबात ते दिसतही नाहीत, तर लहान उत्पादकाच्या एका ऑर्डरचा सगळा नफा त्यात जातो. शिवाय लहान उत्पादकांचा माल एकत्र एका ट्रकमध्ये जातो. त्यातल्या एकाच्या कागदावर वजन किंवा कोड चुकला, तर बाकी सगळ्यांचा मालही बंदरात अडकतो. मग वाहतूकदार असा मिश्र माल घ्यायला नकार देतात किंवा दर वाढवतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी कंपन्यांच्या कस्टम्स नोंदी तपासल्या तेव्हा हेच चित्र निघालं. सुमारे १६,४०० कंपन्यांनी युरोपला निर्यात करणं थांबवलं होतं आणि फटका प्रामुख्याने लहानांना बसला होता. मोठ्या कंपन्यांची निर्यात बऱ्यापैकी टिकली, म्हणून एकूण आकड्यांत हे नुकसान पटकन डोळ्यांत भरत नाही.

दुसरी अडचण मूळ-नियमांची, म्हणजे माल कुठल्या देशाचा मानायचा हे ठरवणाऱ्या नियमांची. शून्य शुल्क मिळतं ते ब्रिटनमध्ये बनलेल्या मालाला, ब्रिटनमधून निघालेल्या प्रत्येक मालाला नाही. भारतात शिवलेला टी-शर्ट ब्रिटनच्या गोदामात आला आणि तिथून आयर्लंडमधल्या डब्लिनच्या ग्राहकाला गेला, तर तो भारतीयच राहतो आणि त्यावर युरोपचं शुल्क लागतं. तयार कपड्यांवर ते साधारण १२ टक्के आहे. ब्रिटनमध्ये येताना शुल्क भरलेलं असेल तर ते दुसऱ्यांदा द्यावं लागलं. ब्रिटनमध्ये गोदाम ठेवून सगळ्या युरोपला माल पुरवायचा, हा जुना धंदा इथेच मोडला. अनेकांनी नेदरलँड्समध्ये दुसरं गोदाम काढलं. विजेच्या मोटारींच्या बाबतीत बॅटरीच्या मूळ-नियमाची कडक अट २०२४ मध्ये लागू व्हायची होती. दोन्हीकडच्या उत्पादकांनी ओरड केल्यावर ती २०२६ अखेरपर्यंत पुढे ढकलली गेली.

आपल्याकडच्या द्राक्ष निर्यातदारांनाही याची झळ वेगळ्या प्रकारे लागते. पूर्वी कीटकनाशकांच्या अवशेषांची मर्यादा ब्रिटन आणि युरोपसाठी एकच होती. आता ग्रेट ब्रिटन (म्हणजे उत्तर आयर्लंड सोडून उरलेला ब्रिटन) आपल्या मर्यादा स्वतः ठरवतो, आणि एकीकडे झालेला बदल दुसरीकडे आपोआप लागू होत नाही. त्यामुळे नाशिकच्या बागेत फवारणीचं वेळापत्रक आखतानाच माल कुठे जाणार हे ठरवून दोन्ही याद्या पाहाव्या लागतात. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला कंटेनर उतरवून त्यातला थोडा माल नंतर ब्रिटनला वळवायचा, तर तीही आता स्वतंत्र आयात ठरते.

ब्रिटनने स्वतःच्या बाजूच्या तपासण्या मात्र पाच वेळा पुढे ढकलल्या, कारण अन्न महाग होण्याची भीती होती. शेवटी २०२४ च्या ३१ जानेवारीपासून प्रमाणपत्रं आणि ३० एप्रिलपासून प्रत्यक्ष तपासणी सुरू झाली. प्राणिजन्य आणि वनस्पतिजन्य मालाच्या एका खेपेवर कमाल १४५ पौंडांचा आकारही आला. म्हणजे तीन वर्षं युरोपचा माल सहज आत येत होता आणि ब्रिटिश माल पलीकडे तपासणीला थांबत होता. सरकारच्या नियोजनातलं हे सर्वांत अक्षम्य अपयश, असं माझं मत आहे.

आता आकडे. ब्रिटनची अर्थसंकल्पीय संस्था ओबीआर हिशेब असा मांडते: सभासद राहिला असता त्या तुलनेत दीर्घकाळात आयात आणि निर्यात दोन्ही १५ टक्के कमी, उत्पादकता ४ टक्के कमी. याचा अर्थ अर्थव्यवस्था ४ टक्क्यांनी आकसली असा घेऊ नका. जिथे पोहोचली असती तिथून ती ४ टक्के मागे राहील, असा तो अंदाज आहे. कोविड आणि युक्रेन युद्ध मध्ये आल्याने नेमका आकडा सिद्ध करणं कठीण आहे, आणि त्यावर वाद घालणारे अर्थतज्ज्ञही आहेत. नव्या करारांनी हे भरून निघतं का? २४ जुलै २०२५ रोजी भारताशी झालेला करार बाहेर पडल्यानंतरचा ब्रिटनचा सर्वांत मोठा मानला जातो. त्याने दीर्घकाळात उत्पन्न ०.१३ टक्के वाढेल, असं खुद्द ब्रिटिश सरकार सांगतं. शेजारच्या मोठ्या बाजारपेठेची जागा दूरचे करार घेऊ शकत नाहीत, हे या दोन आकड्यांतून कळतं.

काही फायदे खरे आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेने आयात शुल्क वाढवलं तेव्हा ब्रिटनवर १० टक्के लागलं, युरोपवर पुढे १५ टक्के ठरलं. सेवांची निर्यातही चांगली वाढली, जरी बँकांचा युरोपभर व्यवसाय करण्याचा परवाना गेला आणि युरोपीय शेअर्सचे व्यवहार जानेवारी २०२१ मध्येच ॲमस्टरडॅमकडे सरकले. पण कोविडची लस लवकर मंजूर झाली ती ब्रेक्झिटमुळे, हा दावा चुकीचा आहे. २ डिसेंबर २०२० ला ब्रिटनमध्ये युरोपचेच नियम चालू होते आणि आपत्कालीन मंजुरीची मुभा त्या नियमांतच होती.

राजकारणाची गाठ आयर्लंडमध्ये आहे. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडायचा कौल दिला. बाहेर पडायचं म्हणजे कशातून, हे मतपत्रिकेवर नव्हतं. ब्रिटनचा भाग असलेलं उत्तर आयर्लंड आणि युरोपीय संघात असलेलं आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यात सुमारे ५०० किलोमीटरची सीमा आहे. उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार संपवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतरची शांतता तिथे चौक्या नसण्यावर टिकून आहे. ब्रिटनला तीन गोष्टी हव्या होत्या: एकल बाजारपेठ आणि कस्टम्स युनियन (बाहेरच्या मालावर सगळ्यांचं एकच शुल्क, आपसात शुल्क नाही) सोडणं, बेटावर चौकी न उभारणं, आणि उत्तर आयर्लंड व उरलेल्या ब्रिटनमध्येही तपासणी नसणं. यातल्या कुठल्याही दोनच एका वेळी मिळू शकतात. पंतप्रधान थेरेसा मे यांनी पहिलीला मुरड घालून तात्पुरता सगळा देश कस्टम्सच्या दृष्टीने युरोपशी बांधायचा प्रस्ताव आणला. १५ जानेवारी २०१९ रोजी संसदेत तो ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला आणि पुढे त्यातूनच त्यांचं पद गेलं. त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी तिसरी सोडली आणि तपासणी आयरिश समुद्रात, म्हणजे उत्तर आयर्लंड आणि उरलेल्या ब्रिटनच्या मधे नेली. मग उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहावं असं मानणाऱ्या तिथल्या डीयूपी पक्षाने बहिष्कार टाकला आणि बेलफास्टमधलं उत्तर आयर्लंडचं सरकार २०२२ ते फेब्रुवारी २०२४ बंद पडलं. पंतप्रधान ऋषी सुनक यांनी २०२३ मध्ये युरोपशी केलेल्या विंडसर चौकट या समझोत्याने उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालासाठी हिरवी, म्हणजे कमी तपासणीची मार्गिका केली. तरीही समुद्रातली सीमा गेली नाही, फक्त हलकी झाली.

स्थलांतराचंही तसंच. युरोपीय लोकांची मुक्त ये-जा थांबली, पण रुग्णालयं, वृद्धसेवा आणि विद्यापीठांना माणसं हवीच होती. २०२१ पासूनच्या व्हिसाच्या गुणांकन पद्धतीतून भारत, नायजेरियासारख्या देशांतून लोक आले आणि जून २०२३ ला संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर (आलेले वजा गेलेले) ९ लाखांवर गेलं. कमी स्थलांतराच्या आशेने मत दिलेल्यांना ही सरळ फसवणूक वाटली. २०२४ च्या निवडणुकीत सत्तेतला हुजूर पक्ष १२१ जागांवर आला आणि नायजेल फराज यांच्या स्थलांतरविरोधी रिफॉर्म पक्षाने १४ टक्के मतं घेतली. त्यानंतरच्या कडक नियमांचा भार आपल्या मुलांवरही आला: जुलै २०२५ पासून कुशल कामगार व्हिसासाठी सर्वसाधारण किमान पगार ४१,७०० पौंड आहे.

मजूर पक्षाचं सरकार आता जुळवून घेतंय, पण एकल बाजारपेठेत आणि कस्टम्स युनियनमध्ये परतणार नाही म्हणतं. १९ मे २०२५ च्या परिषदेत अन्न आणि वनस्पतींच्या तपासण्या कमी करणारा करार करायचं ठरलं. बदल्यात ब्रिटन त्या क्षेत्रात युरोपचे बदलते नियम पाळेल आणि युरोपीय नौकांना आपल्या पाण्यात २०३८ पर्यंत मासेमारी करू देईल. हा करार प्रत्यक्षात आला तर वर सांगितलेल्या चीज उत्पादकाचं आरोग्य प्रमाणपत्र सुटेल. निर्यात घोषणापत्र आणि मूळ-निवेदन मात्र त्याला भरावंच लागेल.