गाडी थांबून परत पळते, मग ईएससी जळाला कसा?

प्रश्न : काका, माझ्याकडे १:१० ची ब्रश्ड मोटरची आरसी (रिमोटवर चालणारी) गाडी आहे. आधी ७.२ व्होल्टचा निकेल बॅटरी पॅक होता. आता ७.४ व्होल्टची लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) घेतली आणि स्पीड वाढावा म्हणून १३ दातांचं पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) काढून १७ दातांचं बसवलं. आर. के. नगरकडच्या माळावर गवतात पळवतो. चार-पाच मिनिटं झाली की गाडी हिसके देते नि थांबते. थोडा वेळ ठेवली की परत पळते. बॅटरीचा पांढरा प्लग जुनाच आहे, जरा तांबूस झालाय. दुकानदार म्हणाला, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) गेला, नवा घे. घेऊ का?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : घेऊ नकोस. जळालेला ईएससी विश्रांती घेऊन परत कामाला लागत नाही. तुझा लागतो, म्हणजे तो शाबूत आहे आणि स्वतःला वाचवतोय. त्याच्यात दोन राखणदार असतात : एक तापमान बघतो, दुसरा बॅटरीचं व्होल्टेज. दोघांपैकी कोण गाडी थांबवतो, एवढंच शोधायचं आहे.

गाडी थांबली की लगेच स्टिअरिंग फिरवून बघ. चाकं वळत असतील तर रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरला वीज मिळतेय, फक्त मोटरची तोडली आहे. स्टिअरिंगही मेलं असेल तर दुखणं वेगळं. मग ईएससीतून रिसीव्हरला आणि सर्व्होला (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरला) जाणारी ५-६ व्होल्टची वीज बघायची, किंवा अडकलेला सर्व्हो. तुझ्या पत्रावरून मला पहिलाच प्रकार वाटतो.

आता तो तांबूस प्लग. तू पत्राच्या शेवटी सहज लिहिलंस, पण मर्दा, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे! निकेल पॅक आणि लायपो यांचं व्होल्टेज कागदावर जवळपास सारखं, पण निकेल पॅक ओझ्याखाली दबतो, म्हणजे त्याचं व्होल्टेज पडतं, आणि करंट आपोआप आवरतो. चांगली लायपो तेवढी दबत नाही, मोटर मागेल तेवढं देत राहते. त्या करंटची वाट त्याच जुन्या प्लगमधून. पिना सैल होऊन तिथे नुसता ०.०२ ओहम रोध तयार झाला, तर ४० अँपिअरच्या दणक्याला ०.८ व्होल्ट तिथेच जातात आणि ३२ वॅट उष्णता होते. माझ्या दुकानातली छोटी सोल्डरिंग इस्त्री २५ वॅटची आहे, यावरून समज. शिवाय ते ०.८ व्होल्ट ईएससीला बॅटरीत कमी दिसतात. लायपो मोडमध्ये बऱ्याच ईएससींचा कटऑफ, म्हणजे मोटरची वीज तोडायचं व्होल्टेज, सेलला ३.० ते ३.२ व्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे तुझ्या दोन सेलच्या लायपोला ६.४ पर्यंत. बॅटरी निम्मी भरलेली असतानाच ईएससीला ती संपली असं वाटतं.

प्लग कापून एक्सटी-६० हा जास्त करंट पेलणारा प्लग लाव. उद्यमनगरात सोल्डर नीट मारून देणारा माणूस शोधावा लागत नाही, पण शिकून स्वतःच मार. कापताना लाल आणि काळी वायर एकाच वेळी कात्रीत धरू नकोस, लायपो तिथल्या तिथे शॉर्ट होईल.

मग पिनियन. १३ चे १७ दात केलेस, म्हणजे त्याच गवतात मोटरवरचा भार साधारण तीस टक्क्यांनी वाढला. करंटही तेवढाच वाढला आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे पावणेदोन पटीच्या जवळ गेली. मोठं पिनियन सपाट डांबरी रस्त्याला ठीक. गवतात १३ च बरं, फार तर १४. तुला हे आवडणार नाही, मला ठाऊक आहे. गाडी थांबल्यावर मोटरवर बोट तीन सेकंद ठेववत नसेल, तर माझं ऐक.

आणखी एक बघ. बऱ्याच ब्रश्ड ईएससींवर बॅटरीचा प्रकार निवडायचा छोटा जंपर (पिनांवरची टोपी) असतो. तो निकेलवरच राहिला असेल तर लायपो नको तितकी उतरेल नि फुगेल. फुगलेली बॅटरी परत चार्जरला लावायची नाही.

प्रश्न : बॅटरी उलटी जोडली गेली. फट् आवाज आला, धूर निघाला. आता सरळ जोडली तर रिमोटला हात न लावता मोटर फुल्ल स्पीडने पळते. दुरुस्त होईल का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : हा ईएससी मात्र खरोखर गेला. त्याच्यातला मॉसफेट, म्हणजे मोटरचा करंट चालू-बंद करणारा स्विच, उलट्या बॅटरीला अडवत नाही, त्याच्या आतल्या डायोडमधून करंट सुसाट जातो. जळाला की बहुतेक वेळा तो शॉर्ट होऊन बसतो, म्हणून मोटर आपली आपण फिरते. ती बॅटरी आधी काढा.

खात्री करायची तर मोटरच्या दोन्ही वायरी सोडवा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वाट जोडलेली असली की शिट्टी वाजते त्या खुणेवर) ठेवा. बॅटरीकडची लाल वायर आणि मोटरकडची एकेक वायर, मग काळी वायर आणि परत त्याच दोन, असं तपासा. कपॅसिटरमुळे क्षणभर चूं होईल, ते सोडा. रिव्हर्स असलेल्या ईएससीत सलग शिट्टी वाजली तर तिथला मॉसफेट शॉर्ट आहे. तो बदलता येतो, पण शेजारचे अर्धवट भाजलेले असतात. स्वस्त ईएससीचं हे काम मी हातात घेत नाही.

नवा आणण्याआधी रिसीव्हर आणि सर्व्हो वाचलेत का, ते बघा : पेन्सिल सेल चार, म्हणजे ६ व्होल्ट, रिसीव्हरला द्या (तो ६ व्होल्ट चालणारा आहे ना, ते त्यावर वाचून) आणि स्टिअरिंग फिरवा. नव्याला एक्सटी-६० लावा, तो उलटा बसत नाही. मात्र सोल्डर करताना लाल-काळं तुम्हीच उलटं केलंत तर प्लग काय करणार? पहिल्यांदा बॅटरी जोडायच्या आधी दोन्ही बाजूंचं धन-ऋण मीटर लावून बघून घ्या.