रडू आलं तर कुठे रडायचं?

बोर्डिंग स्कूलचे फॉर्म भरायचे दिवस आले की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या मुलामुलींचा प्रश्न ठरलेला असतो, मॅडम मला तिथे जमेल का? आईबाबांचाही तोच, फक्त ते "हिला जमेल का हो" असं विचारतात. याला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. तिला आणि तिच्या घरच्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगी १३ वर्षांची. फॉर्म भरून झालेला, शाळा बघायला जायचं होतं आणि त्याच दिवशी इंटरव्ह्यू. आईबाबा दोघंही सोबत आलेले, पाऊण तास तेच बोलत होते, शाळा किती चांगली, ग्राउंड किती मोठं, पण ही किती अबोल आहे वगैरे. ती आपली बाहीचा एक दोरा बोटाला गुंडाळत बसली होती. मग मी त्या दोघांना जरा बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर तिने खिशातून चार घड्या घातलेला वहीचा कागद काढला, त्यावर पेन्सिलने प्रश्न लिहिलेले. रात्री ताप आला तर कोणाला उठवायचं, बाथरूमला आतून कडी असते का, रात्री अचानक पाळी आली आणि पॅड नसेल तर, मोबाईल काढून घेतात का, बाजूची मुलगी बोललीच नाही तर. आणि सगळ्यात खाली, खोडून परत लिहिलेला, रडू आलं तर कुठे रडायचं?

खरं सांगते, इतक्या वर्षांत असा मुद्द्याचा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आठ दहा पलंगांच्या डॉर्ममध्ये एकटं असं कोणी नसतंच, आणि घरी आपण दार लावून पाच मिनिटं रडतो, तोंड धुतो आणि बाहेर येतो, ही सोय तिथे नाही हे तिला न जाताच कळलेलं होतं. मी तिला एवढंच म्हटलं की हा कागद फाडू नकोस, शाळेत घेऊन जा आणि एकेक प्रश्न विचार. ती म्हणाली, असं विचारलं तर घेणार नाहीत मला. मी म्हटलं, विचारून तर बघ, ते कसं उत्तर देतात यावरूनच तुला शाळा कळेल.

घराची आठवण येऊन कासावीस होणं हे नाजूकपणाचं लक्षण अजिबात नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या स्विस डॉक्टरने घरापासून लांब असलेल्या लोकांच्या या दुखण्यावर प्रबंध लिहिला आणि त्याला नॉस्टॅल्जिया असं नाव दिलं, म्हणजे हा शब्द मुळात आजाराचं नाव म्हणून आलाय. अलीकडचं बघायचं तर ख्रिस्तोफर थर्बर आणि एडवर्ड वॉल्टन यांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेसाठी यावर अहवाल लिहिला. घरापासून लांब राहिल्यावर थोडाफार त्रास जवळजवळ सगळ्याच मुलांना होतो. जास्त कोणाला होतो, तर जी आधी कधी घराबाहेर राहिलेली नसतात आणि जायचा निर्णय आपला नाही असं ज्यांना वाटत असतं त्यांना. हा दुसरा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनमध्ये जॉय शावेरियन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी २०११ मध्ये 'बोर्डिंग स्कूल सिंड्रोम' ही कल्पना मांडली, ती लहान वयात बोर्डिंगला पाठवलेल्या आणि मोठेपणीही ते आतल्या आत सोसत राहिलेल्या माणसांबद्दल होती. सातव्या आठव्या वर्षी पाठवायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, शक्यतो नको. पण तेरा चौदाव्या वर्षी स्वतः मागे लागून फॉर्म भरणारं मूल वेगळं, त्याला त्याच तराजूत तोलू नये.

तर मी तिला विचारलं, हे कोणी ठरवलं? बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली आधी बाबांनी, नंतर मी पण. मला त्या "पण" वर थांबावंसं वाटलं, म्हणून पुढच्या वेळी आईबाबांना समोर बसवूनच विचारलं की शाळा बघून आल्यावर ही नाही म्हणाली तर चालेल का? बाबा गडबडले पण हो म्हणाले. ते ऐकताना तिचे खांदे खाली आलेले मी बघितले.

शाळेत तिने खरंच कागद काढला. बहुतेक उत्तरं सरळ मिळाली, ताप आला तर हॉस्टेलच्या मॅडम त्याच मजल्यावर झोपतात आणि त्यांचं दार वाजवायचं, पॅड ठेवलेलं कपाट कुठे ते नेऊन दाखवलं. रडायच्या प्रश्नावर त्या मॅडम हसल्या नाहीत, म्हणाल्या सिक रूम आहे, कारण न सांगता अर्धा तास तिथे पडता येतं, आणि मोठ्या मुली जिन्याखाली बसतात ते आम्हाला माहीत आहे. एका प्रश्नाला मात्र, मोठ्या मुलींनी त्रास दिला तर, असं उत्तर आलं की आमच्याकडे असं होतच नाही. हे उत्तर ऐकलं की मी सावध होते. इतकी मुलं एकत्र राहतात तिथे कधी ना कधी होणारच, झाल्यावर तुम्ही काय करता ते सांगा. आईने मग तेच परत फोन करून विचारलं, तेव्हा कुठे तक्रार कोणाकडे करायची आणि पुढे काय होतं हे नीट कळलं.

दुसरी गोष्ट आम्ही केली ती सराव. ती एकटी कधीच कुठे राहिली नव्हती, म्हणून तीन रात्री मावशीकडे, घरी फोन करायचा नाही, आणि जीव कासावीस झाला की वहीत वेळ लिहायची. तिला वाटलेलं रात्री त्रास होईल. वहीत निघालं भलतंच, दोन दिवस दुपारी ४ ते ६ आणि एकदा सकाळी उठल्या उठल्या. म्हणजे जेव्हा हाताला काही काम नव्हतं तेव्हा. मग बोर्डिंगमध्ये रविवार दुपार कशी काढायची याचं तिने आधीच ठरवून ठेवलं, कपड्यांचं कपाट लावणं आणि घरी पत्र लिहिणं, कारण फोन फक्त बुधवारी मिळणार होता.

आता आईबाबांचं. बाबा तिला म्हणायचे, नाही आवडलं तर एक फोन कर, रात्रीतून येतो न्यायला. आई म्हणायची, एकदा गेलीस की निभावून न्यायचं बाई. दोघंही मायेनेच बोलत होते, पण दोन्हीचा त्रासच होतो. पहिल्यात मूल रुळायचा प्रयत्नच करत नाही, रोज रात्री आज फोन करू का हेच चालू राहतं डोक्यात, शिवाय तुला जमणार नाही असं आम्हाला वाटतंय हेही त्याला कळतंच. दुसऱ्यात मूल सांगायचंच बंद होतं. मग आम्ही तारीख ठरवली, पहिली टर्म संपल्यावरचा रविवार. त्या दिवशी तिघांनी बसायचं आणि पुढे जायचं की नाही हे तिने सांगायचं, तोपर्यंत रडली चिडली तरी ऐकून घ्यायचं, न्यायचा विषय काढायचा नाही. याला अपवाद एकच, कोणी मारलं, नको तसा हात लावला, धमकावलं किंवा जीव नकोसा वाटायला लागला, तर तारीखबिरीख काही नाही, मिळेल तो फोन घेऊन त्याच दिवशी सांगायचं. हे मी तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

पहिले तीन बुधवार ती नुसती रडली. आईचे मला फोन, मॅडम आपण चूक केली. मी विचारलं जेवते का, झोपते का, कोणाचं नाव घेते का बोलण्यात? जेवत होती, आणि बाजूच्या पलंगावरच्या मुलीचं नाव दर वेळी येत होतं. म्हटलं थांबूया. पाचव्या बुधवारी तिने फोन लवकर ठेवला, मॅच होती म्हणून, आणि त्या दिवशी आई रडली.

ठरलेल्या रविवारनंतर तिघं भेटायला आले. हिच्याकडे परत कागद, या वेळी प्रश्न आईबाबांना. पहिलाच, माझ्या टेबलावर इस्त्रीचे कपडे का ठेवलेत, ती जागा माझी आहे ना अजून? आई एकदम गप्प झाली, मग म्हणाली आज गेल्या गेल्या उचलते. पुढच्या टर्मला जाते असं तिने सांगितलं, आणि ती टर्म संपल्यावरच्या रविवारची तारीख त्याच कागदावर लिहून घेतली.